सोनेतारणाच्या काउंटरवरून: 'तारण झालं' म्हणजे नेमकं काय?

नगरचा कारकून

मंडळी, जय ख्रिस्त आणि नमस्कार.

नगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी सोनेतारणाच्या काउंटरवर बसतो. यंदा 19 वर्षं होतील. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. रविवारी उपासनेत 'तारण', म्हणजे पापातून सुटका, ऐकायचं आणि सोमवारी सकाळी तोच शब्द गहाणाच्या पावतीवर लिहायचा, असं इतकी वर्षं चाललंय. पण दोन्हीकडे शब्द एकच आहे, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. गेल्या भाद्रपदात आलं. ते सांगायला धागा काढतोय.

ज्यांनी कधी दागिना ठेवला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जून लागला की आमच्याकडे रांग असते. बियाणं, खत, पोरांच्या फिया, सगळं एकाच महिन्यात येतं. बाई रुमालाची गाठ सोडते. आमचे सराफ दगडावर कस बघतात, मण्यांचं आणि लाखेचं वजन वजा करतात आणि निव्वळ वजन सांगतात. तिथे बहुतेकींचा चेहरा उतरतो, कारण घरून तीन तोळे म्हणून आणलेलं इथे अडीच भरतं. मग पिशवी, सील, सही, तिजोरी. दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचे पैसे आले की माणसं परत येतात. 'कर्ज फेडलं' असं कुणी म्हणत नाही. 'पोत सोडवली', 'बांगड्या सोडवल्या' असंच म्हणतात. जमलं नाही तर नोटीस, दुसरी नोटीस आणि मग लिलाव.

एका मावशींच्या चार बांगड्या दोन वर्षं पडून होत्या. व्याज चढलेलं, लिलावाच्या यादीत नाव लागलेलं. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ आला. ऊसतोडीला जाणारा माणूस. तो आणि त्याची बायको, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता. त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, उचल घेतली की पुढचा अख्खा गाळप हंगाम त्या पैशापोटी राबावं लागतं, थंडीत, फडावर, पाचटाच्या कोपीत राहून. तो पैसा त्याने आमच्या काउंटरवर मोजला. मुद्दल आणि व्याज, सगळं.

पैसे कुणीही भरू शकतो, पण पिशवी खातेदाराच्याच हातात द्यायची हा नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी तो बहिणीला घेऊन आला. तिला वाटलं, लिलावाच्या सहीला बोलावलंय. मी पिशवी समोर ठेवली, सील दाखवलं.

"मावशी, सही करा आणि घ्या."

"किती भरायचे?"

"काही नाही. भरलेत."

"कुणी?"

भाऊ दाराबाहेर रस्त्याकडे बघत उभा. मावशींना कळलं. मग त्यांनी कनवटीचा रुमाल काढला, त्यात 700 रुपये होते. "येवढे तरी घ्या." मी म्हटलं, "मावशी, खात्यावर बाकी शून्य आहे. शून्यावर पैसे भरून घेता येत नाहीत." त्या पैसे पुढे धरून तशाच उभ्या राहिल्या. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही. शेवटी त्यांनी रुमाल बांधला आणि बांगड्या तिथेच हातात घातल्या. हात थरथरत होते, म्हणून चौथी भावाने चढवली. उचलीचं त्याने तिला सांगितलंच नाही. मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी तो माझ्याशी बोलला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणापासून मी ऐकत आलोय की प्रभूने आपल्याला सोडवलं. मार्कच्या शुभवर्तमानात 10व्या अध्यायात येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी', म्हणजे सोडवणुकीचं मोल, म्हणून द्यायला आला. पाठ आहे मला ते वचन. पण मी आयुष्यभर रुमालातले 700 रुपये पुढे करत आलोय. दशांश वेळेवर दिला, उपास चुकवला नाही, मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, हिशेब चोख ठेवला, आणि मनात सतत हेच की येवढे तरी घे. बाकी शून्य आहे, हे मी कधी मनावर घेतलंच नाही.

आणखी एक. मत्तयच्या 18व्या अध्यायातला तो चाकर आठवा. राजाने त्याचं दहा हजार टॅलेंटचं कर्ज सोडलं, आणि त्याने बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. मी कारकून आहे, हिशेब मांडून बघितला. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. टॅलेंट म्हणजे सुमारे 6000 दीनार. म्हणजे माफ झाली 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. आणि ज्याच्यासाठी गळा धरला ती जेमतेम चार महिन्यांची मजुरी. मला हे टोचतं, कारण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मी माझ्या धाकट्या भावाशी दोन वर्षं बोललेलो नाही.

मला विचारायचंय ते असं. मंडळीत आपण जे ऐकतो ते तुम्हाला रोजच्या कामात, घरात, शेतात कुठे भेटलंय का? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावं. कुणी कुठल्या धर्मात यावं-जावं यासाठी हा धागा नाही.

---

वसईची लेक

दादा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी कॅथलिक, डायलिसिस विभागात परिचारिका आहे. तुमच्या मावशींचं पूर्ण पटलं, पण माझ्या रोजच्या कामातून मला दुसरी बाजू दिसते, ती लिहिते.

माझ्याकडे माणसं आठवड्यातून तीनदा येतात, प्रत्येक वेळी चार तास. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं. परवा धुतलेलं आज पुन्हा धुवावं लागतं. पथ्य मोडलेलं असतं, पाणी जास्त प्यालेलं असतं. नवीन माणूस लाजतो, म्हणतो, "सिस्टर, लोणचं खाल्लं." जुना काहीच सांगत नाही, पण वजनकाटा सांगतो. मी कुणावर ओरडत नाही, कारण ओरडलं की तो पुढच्या वेळी खोटं बोलतो किंवा येतच नाही. आणि न येणं हेच सगळ्यात वाईट.

मी धर्मगुरूंपुढे पापनिवेदनाला जाते तेव्हा मला हेच आठवतं. तेच पाप, तोच राग, पुन्हा तीच मी. क्रुसावर घडलं ते एकदाच घडलं, ते आम्हीही मानतो. पण ते माझ्या रक्तात उतरायला मला पुन्हा पुन्हा त्या खुर्चीत बसावं लागतं. तुमच्याकडे 'तारण झालं' म्हणतात. आमच्या घरी आजी म्हणायची, "तारण चाललंय."

एका आईने मुलाला किडनी दिली तेव्हा मी ड्यूटीवर होते. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "त्याला लघवी झाली का?" इतकंच. स्वतःच्या टाक्यांबद्दल एक शब्द नाही. मिस्साबलिदानात 'हे माझे शरीर' ऐकलं की मला आता ती बाई दिसते.

---

इंद्रायणीकाठ

मी वारकरी घरातला, माळ आहे गळ्यात. धागा उघडला तेव्हा वाटलं नव्हतं की उत्तर लिहीन.

सोनेतारणाचं वाचलं आणि तुकोबाराय आठवले. घरात महाजनकी, सावकारी. दुष्काळात बायको गेली, मूल गेलं. मग त्यांनी लोकांची कर्जखतं बाहेर काढली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ज्या कुळांची नावं त्या कागदांवर होती त्यांचा विचार करा. सकाळी उठले तेव्हा देणेकरी होते, संध्याकाळी नव्हते. त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं. पुढे त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, त्या मात्र वर आल्या. खतं बुडाली, अभंग तरले. आमचे वडील कीर्तनाला बसले की हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवायचे.

माझं दैवत वेगळं, वाट वेगळी, आणि ती मला पुरेशी आहे. पण बाकी शून्य झाल्यावर माणूस गोंधळतो, हात पुढेच राहतो, हे मला फार खरं वाटलं. कारकूनभाऊ, भावाकडे जाऊन या.

---

प्रश्नचिन्ह

मनापासून विचारतो, वाद घालायचा नाही. उदाहरणात एक जागा मला अडते. पतसंस्था वेगळी, मावशी वेगळ्या, भाऊ वेगळा. पण तुमच्या श्रद्धेत ज्याचं देणं आहे तो देवच आणि भरणाराही देवच. मग त्याने सरळ माफ का केलं नाही? मध्ये क्रूस कशाला? एक निरपराध माणूस मारला जाणं हे कर्जमाफीला का लागावं? मी लहानपणी मिशनच्या शाळेत शिकलो, तेव्हापासून हा प्रश्न आहे, आणि विचारला की विषय बदलायचे.

---

नगरचा कारकून

विषय बदलत नाही. माझ्या कामापुरतं सांगतो, धर्मशास्त्र शिकलेले बाकीचं सांगतील.

'सरळ माफ' असं काही नसतं, हे मी कर्ज निर्लेखित करताना बघितलंय. ज्या दिवशी आम्ही एखादं कर्ज सोडतो त्या दिवशी ती रक्कम नाहीशी होत नाही. ती आमच्या नफ्यातून, राखीव निधीतून जाते, म्हणजे शेवटी सभासदांच्या खिशातून. सरकार कर्जमाफी देतं तेव्हाही कुणाच्या तरी तिजोरीतून बँकेला पैसे येतात. देणेकऱ्याला फुकट मिळतं ते माफ करणाऱ्याला फुकट पडत नाही. माणसांच्या बाबतीतही तेच. मी भावाला माफ केलं तर तो अपमान, ते गेलेलं पाणी, वाळलेला कांदा, हे सगळं मला गिळावं लागेल. म्हणून तर दोन वर्षं करत नाहीये.

क्रूस मला असा दिसतो की देवाने माफ केलं आणि त्याची झळ स्वतः सोसली. तिसऱ्याच निरपराध माणसाला धरून आणलं असतं तर मलाही ते अन्यायाचं वाटलं असतं. पण आमची श्रद्धा अशी की क्रुसावर होता तो देवच, देह घेऊन आलेला.

---

निवृत्त गुरुजी

प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न जुना आहे आणि मानाचा आहे. खंडणी दिली तर ती कोणाला दिली, यावर पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांतच मतभेद होते. तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेनचं म्हणणं सैतानाला. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते धुडकावलं. चोराला खंडणी कसली, आणि पित्याने तरी पुत्राचं रक्त का मागावं, असा उलट सवाल त्याने केला. पुढे अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने देवाच्या दुखावलेल्या मानाची भरपाई अशी मांडणी केली. चर्चने यातलं कुठलंही एक मत सगळ्यांवर बांधलेलं नाही. उपमा एका जागी खरी असते, ती सगळीकडे ताणली की तुटते. काउंटरवर जे दिसलं ते खरं आहे, पण त्यावरून देवाची खातेवही मांडू नये.

शब्दाबद्दल थोडं. 'तारण' हा 'तॄ' धातूचा, पार नेणे, तरून जाणे. त्यातूनच तारू, तारणे, 'देव तारी त्याला कोण मारी'. गहाण वस्तूलाही तारण म्हणतात ते अडचणीत ती धन्याला तारते म्हणून असावं. म्हणजे कारकुनांचे दोन शब्द मुळात सख्खे भाऊ आहेत.

आणि मराठीत हा निरोप पहिल्यापासून इथल्याच शब्दांत सांगितला गेला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून झालं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं ते मुद्दाम सोप्या मराठीत, साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि ते त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा. पण ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला तरी ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कारकूनभाऊ, 19 वर्षांचं वाईट वाटून घेऊ नका.

ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. इंद्रायणीकाठांचं उत्तर वाचून तो पूल अजून उभा आहे असं वाटलं.

---

ईस्टरचं पाखरू

गुरुजी, योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरचा शेवटचा शब्द 'पूर्ण झाले आहे', ग्रीकमध्ये 'टेटेलेस्टाय'. आमच्या युवक शिबिरात सांगितलं की त्या काळी कर्ज फिटलं की पावतीवर हाच शब्द लिहीत. मग कारकूनकाकांचं उदाहरण एकदम फिट बसतं ना?

---

निवृत्त गुरुजी

बाळा, प्रवचनांत ते फार सांगतात, पण पुरावा पक्का नाही. ज्या जुन्या पावत्यांवरून ते म्हटलं जातं त्यांवरची अक्षरं दुसऱ्या शब्दाचा संक्षेप असावीत असं अभ्यासक म्हणतात. 'पूर्ण झाले आहे' एवढंच पुरेसं जड आहे, त्याला पावती जोडायची गरज नाही.

---

अलिबाग ते अश्दोद

शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आजोळ अलिबागजवळचं, आता इस्राएलमध्ये. घरात अजून मराठीच बोलतो. येशूबद्दलचा तुमचा अर्थ आमचा नाही, ते आधीच सांगते. पण ज्या शब्दावर हे सगळं उभं आहे तो आमच्या घरातला आहे.

हिब्रूत सोडवणाऱ्याला 'गोएल' म्हणतात. लेवीय 25 मध्ये कायदा आहे. भाऊबंद गरिबीत जमीन विकून बसला तर त्याच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाने येऊन ती सोडवावी. भाऊबंदाने स्वतःलाच विकलं असेल तर त्यालाही सोडवावं. परका गोएल होऊ शकत नाही. नातं लागतं, ऐपत लागते आणि मन लागतं. रूथच्या गोष्टीत जवळचा एक नातेवाईक ऐपत असून मागे सरतो, कारण रूथशी लग्नही करावं लागेल म्हटल्यावर त्याला स्वतःच्या वतनाची काळजी वाटते. मग बोअज पुढे येतो. शावुओतच्या सणाला आम्ही ती गोष्ट वाचतो.

तुमच्या ऊसतोडवाल्या भावाने नेमकं लेवीय 25 केलं. त्याने ते वाचलं नसेलही.

---

नगरचा कारकून

ताई, 'नातं लागतं' हे वाचून थांबलो. ख्रिस्तजन्माचा अर्थ मला इतका सरळ कुणी सांगितला नव्हता, आणि तुम्ही तर त्याबद्दल बोलतही नव्हतात. नातं लागावं म्हणून तो माणूस झाला, असं आता म्हणावंसं वाटतं.

---

माळावरची

सगळं वाचलं. एक गोष्ट राहतेय.

माझी पणजी नगरकडचीच, महारवाड्यातली. मिशनरी आले तेव्हा तिच्या सासऱ्याने बाप्तिस्मा घेतला. घरात गोष्ट सांगतात ती पापाची नाही, चटईची आहे. पहिल्या दिवशी साहेबाने सगळ्यांना एकाच चटईवर बसवलं आणि स्वतःही बसला. पणजी म्हणायची, "त्या दिवशी माझं तारण झालं, बाकीचं पाळकाने नंतर शिकवलं."

पण नंतर काय झालं तेही सांगायला हवं. मंडळीत लग्न जुळवताना जात विचारली गेली. काही गावांत स्मशानभूमीपर्यंत विचारली गेली. आणि सरकारच्या 1950 च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांना 1956 मध्ये मिळाल्या, बौद्धांना 1990 मध्ये. आमच्यावरचा शिक्का गेला नाही, सवलत मात्र गेली. माझ्या भावाची शिष्यवृत्ती त्यात अडकली.

म्हणून मी 'आत्म्याचं तारण' एवढंच ऐकलं की अस्वस्थ होते. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला. जक्कय उभा राहिला, म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं. चौपट हा आकडा त्याच वाक्यांच्या शेजारी आहे. कारकूनकाका, राग मानू नका, पण मावशींच्या बांगड्या दोन वर्षं तुमच्याच तिजोरीत होत्या आणि व्याज तुमच्याच संस्थेने लावलं. आणि तो भाऊ आज कोणाच्या फडावर राबतोय? त्याला कोण सोडवणार?

---

वसईची लेक

माळावरची, तुझी पणजी कुठल्याही प्रवचनात शोभेल. आमच्याकडेही धर्मग्रामांत जुने भेद आहेत, नाव घेऊन बोलत नाहीत इतकंच.

---

नगरचा कारकून

माळावरची, राग नाही आला. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही, कारण तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी स्वतःला सतत मावशींच्या जागी बघत होतो. काउंटरच्या आतल्या बाजूला मी बसलोय, हे बघितलं नव्हतं.

माझ्या हातात काय आहे ते तपासलं. व्याजदर माझ्या हातात नाही. पण लिलावाच्या यादीतल्या प्रत्येकाला नोटीस टपालाने गेली म्हणून गप्प न बसता फोन करणं, हप्ते पाडून द्यायला व्यवस्थापकांकडे शब्द टाकणं, वाचता न येणाऱ्याला पावतीवरचं व्याज मोठ्याने समजावून सांगणं, हे माझ्या हातात आहे. या महिन्याच्या यादीत 11 नावं आहेत. 8 जणांशी बोललो. तिघांनी हप्ते बांधून घेतले. एकीला तर नोटीसच मिळाली नव्हती, ती माहेरी राहते आता.

त्या भावाचं मात्र काही करता आलेलं नाही. तो गेला हंगामाला, कर्नाटकच्या बाजूला. मावशींचा पत्ता आहे खात्यावर, पण खातेदाराच्या कागदावरून घरी जाणं बरोबर नाही. पुढच्या वेळी आल्या तर विचारीन तो कसा आहे. हंगाम उरकून मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात.

आणि माझा भाऊ. काल संध्याकाळी फोन केला. बराच वेळ दोघंही गप्प. मी म्हटलं, "मोटारीची पाळी तू तुझ्या सोयीने लाव, मी विचारणार नाही." तो म्हणाला, "तुझा कांदा वाळला त्याचं काय?" मी म्हटलं, "ते राहू दे." मग पुन्हा गप्प. शेवटी म्हणाला, "रविवारी उपासना सुटल्यावर मळ्यात ये. पाइप फुटलाय, एकट्याने बसत नाही."

रविवारी जाणार आहे. पाना आणि सोल्यूशनची डबी आजच पिशवीत भरून ठेवलीय.